बोलत्या पेटीचे मौन : ॲक्टिव्ह स्पीकरचे दोष व त्यांची दुरुस्ती

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु संघाच्या सभागृहालगत जी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली आहे, तिची देखरेख गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. आणि तेथील स्पीकर बिघडले म्हणजे ते उघडणाऱ्या कारागिराशेजारी स्टूल टाकून बसण्याचा आमचा परिपाठ आहे. त्या बैठकांतून जे समजले व पुढे स्वतः मीटर हाती घेऊन जे पडताळून पाहिले, ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुले-मुली संगणकावर स्तवने ध्वनिमुद्रित करतात, त्यासाठी स्पीकरची महागडी जोडी घेतात, आणि चार-पाच वर्षांनी त्यांतील एक मुका झाला की जोडीच्या जोडी माळ्यावर जाते. अशा पुष्कळ पेट्यांतील दोष अगदी क्षुल्लक असतो. काहींतील मात्र असा असतो की अजाण हाताने पेटी उघडल्यास प्राणावर बेतावे. या दोहोंतील भेद घरच्या घरी ओळखता यावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. साध्या स्पीकरला आवाज मोठा करणारा अँप्लिफायर वेगळा लागतो. ज्याच्या पेटीतच अँप्लिफायर बसविलेला असतो त्यास पॉवर्ड किंवा ॲक्टिव्ह स्पीकर म्हणतात. ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली हलत्या कॉइलच्या स्पीकरविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी तो स्पीकर अँप्लिफायरसह एकाच पेटीत ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आला. आज स्टुडिओंतून जी जात सर्वत्र दिसते तिचा प्रसार बराच नंतरचा. फिनलंडमधील इसाल्मी या गावी १९७८ साली स्थापन झालेल्या जेनेलेक कंपनीचा त्यात मोठा वाटा आहे.

पेटीच्या आत दोन वाटा असतात, त्या ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे सर्व सोपे जाते. एक वाट विजेची. भिंतीवरील २३० व्होल्टची वीज फ्यूजमधून आत येते, पॉवर सप्लायमध्ये तिचे एकदिश विजेत रूपांतर होते आणि ती अँप्लिफायरला पुरविली जाते. दुसरी वाट आवाजाची. संगणकाकडून आलेला नाजूक संकेत मागच्या खाचेतून आत शिरतो, क्रॉसओव्हर नावाच्या मंडलात त्याचे जाड व बारीक असे दोन भाग होतात, प्रत्येक भाग आपापल्या अँप्लिफायरमध्ये जातो, आणि शेवटी जाड आवाज वूफरला व बारीक आवाज ट्वीटरला मिळतो. आपण धान्य चाळतो तेव्हा चाळणीवर एक राहते व खाली दुसरे पडते, तसाच हा प्रकार होय. बिघाड या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेवर व कोणत्या मुक्कामी झाला हे शोधणे, हेच दुरुस्तीचे तीन-चतुर्थांश काम. डाख देणे हे उरलेले एक-चतुर्थांश.

शोधाची पहिली पायरी कोणत्याही व्यापाऱ्याला शिकवावी लागू नये. तागडीत पासंग आहे की माप खोटे आहे हे पाहण्यासाठी आपण पारडी बदलतो. दोष तागडीचा असेल तर तो त्याच बाजूस राहतो. मापाचा असेल तर मापाबरोबर दुसऱ्या बाजूस जातो. येथेही तेच करावे. डावा स्पीकर मुका असेल तर दोन्ही स्पीकरांच्या मागील संकेताच्या वायरी परस्परांत बदलाव्या. डावाच मुका राहिला तर दोष त्या स्पीकरात आहे. मौन उजवीकडे गेले तर स्पीकर निर्दोष असून वायर, संगणक किंवा मधले यंत्र दोषी आहे. त्यानंतर विजेच्या दोऱ्याही अशाच बदलून पाहाव्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या तर उत्तर मिळाले तरी ते कोणाचे हे कळत नाही. कारागिराकडे पेटी पाठविण्यापूर्वी घरोघर एवढे झाले तर निम्मे हेलपाटे वाचतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच वेळी मागच्या कळाही पाहून घ्याव्या. कित्येक नव्या स्पीकरांत काही वेळ आवाज न आल्यास आपोआप झोपी जाण्याची सोय असते, आणि फार हळू आवाजाने ते जागे होत नाहीत. मालकास वाटते की यंत्र गेले. काहींवर ‘+४’ व ‘−१०’ अशा खुणांची कळ असते. ती भलत्या जागी असल्यास आवाज अकारण बारीक येतो.

आता दिवाच लागत नसेल तर काय? भिंतीवरचा पॉइंट दुसरे यंत्र लावून तपासावा, दोरी बदलावी, आणि मग फ्यूज पाहावा. तो बहुधा दोरी बसते त्या खाचेलगतच्या लहानशा खणात असतो. मात्र फ्यूज काढण्यापूर्वी दोरी भिंतीतून काढलेली असावी, हे सांगण्याची गरज नसली तरी सांगतो. काचेचा फ्यूज उजेडात धरून पाहिल्यास तो बरेच काही सांगतो. आतील तार मधोमध तुटली आहे व काच स्वच्छ आहे, तर वयोमानाने किंवा किरकोळ ताणाने तो गेला असावा. परंतु काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर आत कोठेतरी थेट शॉर्ट आहे असे समजावे. नवा फ्यूज घातला तर तोही क्षणात जाईल. फ्यूज बदलताना त्यावर छापलेला आकडा व अक्षर तंतोतंत तेच हवे. ‘टी’ हे अक्षर सावकाश जळणाऱ्या जातीचे आहे. सुरू होतानाचा क्षणिक झोत तो सहन करतो. फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा चांदीच्या कागदाची गुंडाळी घालणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. पाच-दहा रुपयांची वस्तू वाचविण्यासाठी ते घर जाळावयास निघालेले असतात.

नवा फ्यूज घालून पेटी थेट भिंतीला लावू नये. यासाठी जुन्या वायरमन मंडळींचा सिरीज बोर्ड फार उत्तम. साठ ते शंभर वॅटचा जुन्या तंतूचा दिवा (एल.ई.डी. चालत नाही) स्पीकरच्या आधी एकामागे एक असा जोडलेला असतो. पेटी निर्दोष असेल तर दिवा क्षणभर लखलखतो व लगेच मंद होतो. आत शॉर्ट असेल तर दिवा प्रखर पेटून तसाच राहतो. वीज दिव्यात खर्च होते आणि पेटीतील उरलेले भाग वाचतात. स्विचिंग जातीच्या पॉवर सप्लायच्या बाबतीत दिवा कमी-जास्त होत राहिला तर लगेच दोष ठरवू नये, कारण दिव्यामुळे व्होल्टेज उतरल्याने तो सप्लाय सुरू होण्याची धडपड करीत असतो; अशा वेळी जास्त वॅटचा दिवा लावून पाहावे.

फ्यूज वारंवार जाण्याची दोन कारणे आपल्या भागात विशेष आढळतात. एक, परदेशातून आलेला माल. अमेरिकेत १२० व्होल्टची वीज असते. तेथून मुलाने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेल्या पेटीच्या मागील निवड-कळ ११५ वर असते, किंवा ती कळच नसते. ती येथे २३० व्होल्टवर लावली की आतील संरक्षक व्हॅरिस्टर शॉर्ट होऊन फ्यूज घेऊन जातो. नशीब थोर असेल तर नुकसान तेवढ्यावरच थांबते. दुसरे कारण न्यूट्रल तुटण्याचे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाली की एखाद्या फेजवर व्होल्टेज चारशेच्या जवळ चढू शकते आणि त्या रात्री गल्लीतील दूरदर्शन संच, पंखे, स्पीकर सर्वच बळी पडतात. वखारीत व दुकानात तीन फेजची जोडणी असणाऱ्या सभासदांनी न्यूट्रलचे सांधे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घट्ट करून घ्यावे.

येथवरचे सर्व पेटी न उघडता करावयाचे. उघडण्यापूर्वी मात्र थांबावे. स्विचिंग सप्लायमध्ये २३० व्होल्टच्या विजेचे एकदिशीकरण होऊन एका मोठ्या कपॅसिटरवर (ज्यास आपले कारागीर कंडेन्सर म्हणतात) सुमारे ३२५ व्होल्टचा साठा होतो. दोरी काढली म्हणजे हा साठा नाहीसा होतोच असे नाही. बिघडलेल्या पेटीत तर तो पुष्कळ वेळ तसाच राहू शकतो. याचा धक्का भिंतीवरच्या धक्क्याहून कमी समजू नये. अनुभवी कारागीर दोरी काढून थोडा वेळ जाऊ देतो, मीटरने साठा मोजतो, जाड रेझिस्टर लावून तो उतरवितो, पुन्हा मोजतो, आणि मगच बोट घालतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत काही ठिकाणी शौर्य म्हणून मिरवली जाते. तिने कपॅसिटर, स्क्रू ड्रायव्हर व प्रसंगी डोळा असे तिन्ही जाऊ शकतात. ज्याला मीटर वापरता येत नाही त्याने पेटीचे स्क्रू काढू नयेत, आणि ज्याला येते त्यानेही एकटे असताना काढू नयेत. घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या हुशार मुलांना हे बजावून सांगावे. धोका अडाण्यापेक्षा अर्धवट हुशाराला अधिक असतो.

पेटी उघडल्यावर आणखी एक गोष्ट आपल्या समाजाला सांगावीशी वाटते. माळ्यावर पडलेल्या पेटीत मुंग्या, झुरळे, कोळी यांची वस्ती हटकून असते. आतील ऊब त्यांना मानवते. जोराच्या हवेचा फवारा मारून किंवा औषध फवारून काम लवकर होते खरे, पण ते आपल्याला शोभणारे नाही. झाकण काढून पेटी काही काळ उजेडात व मोकळ्या हवेत ठेवावी. जीव आपोआप बाहेर पडतात. राहिलेले मऊ कुंचल्याने यत्नपूर्वक बाजूला करावे. यात कारागिराचाही लाभ आहे, कारण मेलेल्या किड्याचे अवशेष मंडलावर ओल धरतात व तांबे खातात.

उघडलेल्या पेटीत प्रथम डोळ्यांनी पाहावे व नाकाने हुंगावे. बहुसंख्य जुन्या पेट्यांचा रोग कपॅसिटरमध्ये असतो. या लहान दंडगोल डब्यांत एक द्रव असतो. उष्णतेने तो वर्षानुवर्षे सुकतो. निरोगी डब्याचा माथा सपाट असतो. रोगी डब्याचा फुगतो किंवा फुटून तपकिरी स्राव बाहेर येतो. १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रवाचे असे कपॅसिटर जगभरच्या यंत्रांत गेले होते व ती यंत्रे अकाली मेली; त्या काळातील पेटी हाती आल्यास हा संशय आधी घ्यावा. परंतु माथा सपाट असूनही कपॅसिटर आतून सुकलेला असू शकतो. त्याची लक्षणे अशी : दिवा लुकलुकतो, पेटी ‘टिक् टिक्’ करते, थंड असता सुरू होत नाही, अर्धा तास विजेवर ठेवली म्हणजे कशीबशी जागी होते. शेवटचे लक्षण दिसले की स्विचिंग सप्लायमधील सुरुवात करून देणाऱ्या छोट्या कपॅसिटरकडे पाहावे. दोन-पाच रुपयांचा हा दाणा हजारो रुपयांची पेटी अडवून धरतो.

कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे अधिक, आणि जात १०५ अंशांची घ्यावी. ८५ अंशांचा स्वस्त मिळतो, पण पेटीच्या आतील उष्णतेत तो टिकत नाही. स्थूलमानाने असे धरतात की तापमान दहा अंशांनी उतरले की याचे आयुष्य दुप्पट होते; यावरून भिंतीला चिकटवून किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवलेले स्पीकर लवकर का मरतात हे समजेल. डब्यावरील पट्टा ऋण बाजू दाखवितो. तो उलटा बसला तर डबा फुटतो.

कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात जो पिवळसर गोंद ओततात, त्याच्या काही जाती उष्णतेने काळ्या-तपकिरी पडतात. असा जळका गोंद वीज वाहू लागतो व पायांचे धातू खातो. पेटी कधी चालते, कधी नाही, कधी मध्येच फुरफुरते, सर्व भाग मोजले तर निर्दोष. अशा चक्रावून टाकणाऱ्या रोग्यांत हा गोंद खरवडून काढावा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने जागा पुसावी व खालील खाल्लेले पाय तपासावे. गोदामात माल उत्तम असून तळाची एक ओली फळी सर्व पोती नासवते, तसेच हे.

आवाज येतो पण त्यासोबत गुणगुण येते, ही तक्रार फार सार्वत्रिक आहे. संकेताच्या सर्व वायरी मागून काढून टाकाव्या व ऐकावे. गुणगुण थांबली तर दोष बाहेरचा. संगणक एका पॉइंटवर व स्पीकर दुसऱ्या खोलीतील पॉइंटवर असे लावले की दोन अर्थिंगमधून एक फेरा तयार होतो व ५० हर्ट्झचा खालचा सूर घुमतो. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घेणे व तीन तारांची बॅलन्स्ड वायर वापरणे हा त्याचा उपाय. तेवढ्याने भागले नाही तर संकेताच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थची पीन कापून टाकली की गुणगुण जाते, हे खरे आहे. आणि पुढे पेटीच्या आत एखादी तार सुटून धातूच्या पाठीला लागली की माणूसही जातो, हेही खरे आहे. अशी कापलेली पीन संघाच्या खोलीत आम्हांला आढळली तर त्या पेटीस दुसरी दोरी मिळेपर्यंत ती वापरात येत नाही. संकेताच्या वायरी काढूनही गुणगुण कायम राहिली तर दोष आतला. १०० हर्ट्झची, म्हणजे थोडी चढी व कर्कश गुणगुण असेल तर मोठे फिल्टर कपॅसिटर सुकलेले समजावे, किंवा पंधरा व्होल्टचे दोन रेग्युलेटर असतात त्यांपैकी एक गेलेला असावा.

खरखर व तडतड यांचे मूळ बहुधा आवाजाच्या बटणात असते. आपल्याकडील चार महिन्यांच्या दमट हवेत आतील पट्टीवर मळी धरते. बटण फिरविताना खरखरले तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा देऊन ते वीस-पंचवीस वेळा फिरवावे. वायर हलविताना तडतडले तर मागील खाचेचा डाख सुटला आहे. पुन्हा डाख दिला की झाले.

आता अँप्लिफायरकडे वळू. बऱ्याच मध्यम किंमतीच्या पेट्यांत एल.एम. ३८८६ किंवा टी.डी.ए. ७२९४ यांसारखी एकसंध चिप असते. ती मरते तेव्हा पुष्कळदा एकटी मरत नाही. तिच्या तोंडातून एकदिश वीज थेट वूफरमध्ये जाऊ लागते. वूफरचा शंकू पुढे किंवा मागे ओढला जाऊन तसाच ताणलेला राहतो, आणि थोड्या वेळात कॉइल जळते. म्हणून वूफर जळालेला आढळला की नवा वूफर लगेच जोडणे म्हणजे दुसरा बळी देणे होय. आधी स्पीकर सुटा करून, संकेत न देता अँप्लिफायरच्या तोंडाशी मीटर लावावा. काही थोडे मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नाही. पुरते व्होल्ट दिसले तर चिप गेलेली आहे. नवी चिप बसविताना तिच्या पाठीमागची अभ्रकाची किंवा तत्सम पातळ पट्टी विसरू नये. या चिपांच्या उघड्या धातूच्या पाठीवर ऋण बाजूची वीज असते. पट्टीवाचून ती थेट उष्णता-पत्र्याला टेकली तर पहिल्याच क्षणी सर्व खेळ आटोपतो.

आणि येथेच बाजाराचा प्रश्न येतो. या चिपांच्या नकला विपुल विकल्या जातात. वरचे छापील नाव तेच, आतील माल निराळा. आपण पोत्याच्या तोंडावरचा दाणा पाहून सौदा करीत नाही. नळी खुपसून मधला दाणा काढतो. चिपमध्ये नळी खुपसता येत नाही, म्हणून विक्रेता पारखणे एवढेच हाती उरते. अधिकृत वितरकाकडील चिप महाग पडते असे म्हणणाऱ्यांनी नकली चिपेने जाळलेल्या वूफरची किंमत बेरजेत धरावी.

वूफर-ट्वीटर तपासणे सोपे आहे. तारा सोडवून मीटरने रोध मोजावा. चार ओहमचा निरोगी स्पीकर सव्वातीन-साडेतीनच्या आसपास दाखवितो, आठ ओहमचा सुमारे सहा. मीटर काहीच दाखवीत नसेल तर कॉइल तुटली आहे. ट्वीटरच्या वाटेत पुष्कळदा संरक्षक कपॅसिटर असतो, तेव्हा मोजमाप थेट ट्वीटरच्या पायांवरच घ्यावे. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला तर धनाला धन मिळता शंकू बाहेर येतो. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये. शंकू बोटांनी चारी बाजूंनी सारखा हळूच दाबावा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे. शंकूची कड स्पंजाची असल्यास दमट हवेत ती दहा-पंधरा वर्षांत बोटाला चिकटून भुगा होते. तेवढी कड नवी बसविता येते व ती बसविणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. रबराची कड यापेक्षा पुष्कळ टिकते. सबंध वूफर वा ट्वीटर बदलावयाचा झाल्यास त्याच बनावटीचा, त्याच क्रमांकाचा हवा. क्रॉसओव्हर त्या विशिष्ट भागासाठीच मोजून-मापून केलेला असतो; ‘आकार तोच आहे’ हे कारण पुरेसे नाही.

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. गाणे ऐकण्याच्या स्पीकरमध्ये थोडा दोष असला तर ऐकणाऱ्याचे फार बिघडत नाही. पण ज्या स्पीकरवर ऐकून ध्वनिमुद्रण दुरुस्त करावयाचे, तो म्हणजे दुकानातील काटा होय. संघाच्या खोलीत २०१९ साली जुन्या कॅसेटी संगणकावर उतरविण्याचे काम चालू होते. त्यांत मुनिमहाराजांची प्रवचने होती, तसेच आपल्या समाजातील वृद्ध स्त्रियांनी चातुर्मासात म्हटलेली व कोठेही न छापलेली गाणी होती. काम करणारा मुलगा मोठा मन लावून करी. परंतु एका स्पीकरचा ट्वीटर केव्हा तरी मुका झाला होता व दुसऱ्याचा क्षीण झाला होता. बारीक सूर कानी पडेनात, म्हणून तो संगणकावर ते वाढवीत गेला. उतरविलेल्या प्रती एका वृद्ध अक्कांना ऐकविल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या आईचा आवाज असा पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा नव्हता रे, बाळ.” मुलाला ते पटेना, त्याच्या कानांना आवाज बरोबरच येत होता. तेव्हा एकच प्रत साध्या हेडफोनवर ऐकविली, आणि त्याचा चेहरा उतरला.

स्पीकर उघडले. एका ट्वीटरची कॉइल तुटलेली निघाली. दुसऱ्याच्या वाटेतील कपॅसिटर सुकलेला होता. अँप्लिफायरच्या तोंडाशी एकदिश वीज नाही याची खात्री केल्यावर नवा ट्वीटर बसविला. मूळ फिती टाकून दिलेल्या नव्हत्या म्हणून सुमारे चाळीस कॅसेटी पुन्हा उतरविता आल्या. त्यांतील दोन मात्र पहिल्या खेपेनंतर यंत्रात गुंतून तुटल्या. त्यांची ती कर्कश प्रतच आता शिल्लक आहे. ज्या घरांत अशा फिती आहेत त्यांनी त्या उतरविल्यावरही मूळ फीत टाकू नये, आणि उतरविताना कोणताही सूर कमी-जास्त न केलेली एक प्रत निराळी ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.

त्यानंतर खोलीत एक नियम केला तो असा. दर महिन्यास एकच बोललेला आवाज दोन्ही स्पीकरांना सारखा देऊन मधोमध बसून ऐकावयाचा. दोन्ही निर्दोष असतील तर आवाज बरोबर मधून, जणू तेथे माणूस बसला आहे असा येतो. एका बाजूस ओढला गेला तर एक स्पीकर क्षीण आहे. आवाज पोकळ व दिशाहीन वाटला, जाड सूर नाहीसे झाले, तर एकाचे धन-ऋण उलटे जोडले गेले आहे. दुरुस्तीनंतर हा दोष हमखास राहून जातो. मग एकेक स्पीकर बंद करून, कान आधी वूफरजवळ व मग ट्वीटरजवळ नेऊन, दोन्ही बोलतात याची खात्री करावयाची. पाच मिनिटांचे काम आहे.

दुरुस्ती कोठवर करावी? आमचा हिशेब साधा आहे. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नये. पॉवर सप्लाय, कपॅसिटर, चिप, कड, बटण यांचे दोष असतील तर दुरुस्ती बहुधा परवडते. मंडलाची फळीच जळून कोळसा झाली असेल, किंवा आवाजाचे सर्व काम डिजिटल प्रोसेसर करीत असेल व तोच गेला असेल, तर सुट्या भागांत वेळ न दवडता सबंध फळी कंपनीकडून मागवावी. ती मिळत नसेल तर नाद सोडावा. कंपन्या सुटे भाग व नकाशे देण्यास टाळाटाळ करतात हा अनुभव नवा नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. तक्रार करण्यापूर्वी तेथे त्या कंपनीची माहिती आहे काय ते पाहावे.

पेटी बंद करताना कडेची स्पंजाची किंवा रबराची पट्टी जागच्या जागी बसवावी, नाहीतर फटीतून हवा फुसफुसते व जाड सूर फाटतात. काय बदलले, केव्हा बदलले, याची चिठ्ठी पाठीवर चिकटवावी; पुढचा कारागीर दुवा देईल. निरुपयोगी ठरलेली पेटी व जळके भाग भंगारवाल्यास देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. सभासदांकडील अशा वस्तू एकत्र जमवून पाठविण्यासाठी सभागृहाच्या तळघरात एक खोके ठेवले आहे. त्यात टाकण्यापूर्वी आतील मोठा कपॅसिटर उतरविल्याची खात्री करून घ्यावी.